घडणावळ

"खोट्या डागाला पैसे घालतात होय गं?"

आई फोनवर. मी तिला एका ब्रोचचा, म्हणजे कपड्याला टाचायच्या दागिन्याचा, फोटो पाठवला होता. बोटाएवढं पान, त्यावर पांढरे खडे, देठाशी एक हिरवा. तिनं विचारलं, सोनं किती? नाही. चांदी? नाही. मोडीला काय येईल? काही नाही, कथील आणि शिसं. मग?

त्या 'मग?'चं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आमचं माहेर कोल्हापूरचं, गुजरी या सराफ बाजारापासून पाच मिनिटांवर. दागिना म्हणजे तोळे, कस आणि घडणावळ, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. त्यातली घडणावळ, म्हणजे घडवण्याची मजुरी, हा निव्वळ तोटा. करताना द्यायची आणि मोडताना सोडायची. आई साजाच्या घडणावळीवरून सोनाराशी घासाघीस करायची तेव्हा मी दुकानातल्या गादीवर बसून पाणी प्यायचे आणि कंटाळायचे. तो साज घडवणारा माणूस आत कुठेतरी बसलेला असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आईच्या तर नाहीच.

२०११ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ऱ्होड आयलंडला आलो. अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राज्य, आणि मला काम करायचा परवाना नव्हता. पहिल्या हिवाळ्यात जवळच्या चर्चच्या सभागृहात जुन्या वस्तूंची विक्री होती. मी गेले ती खरं तर बर्फाचे बूट घ्यायला. बूट मिळाले नाहीत. एका टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यावर चिठ्ठी: सगळं मिळून ६ डॉलर. आत गुंतलेल्या साखळ्या, एकेकटी कानातली, तुटलेले मणी, आणि तळाशी ते पान.

घरी येऊन मी ते उलटं केलं. सवयच ती, आमच्याकडे दागिना हातात आला की आधी मागे बघतात. मागे छोट्या अक्षरांत उमटवलेलं होतं: कोरो. म्हटलं, कोरा नाही हे तरी बरं.

सार्वजनिक ग्रंथालयात या विषयाचं अख्खं कपाट निघालं. तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं, आता वाटत नाही, कारण आमचं प्रॉव्हिडन्स हे गावच या धंद्यावर उभं राहिलेलं. १७९४ मध्ये नेहेमाया डॉज नावाच्या इथल्या कारागिरानं स्वस्त धातूवर सोन्याचा पातळ पत्रा बसवण्याची रीत काढली, आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षं हे शहर देशाला न परवडणारे दागिने परवडतील असे करून देत राहिलं. कोरो म्हणजे कोन आणि रोझनबर्गर या दोन भागीदारांच्या नावांची पहिली अक्षरं. कचेरी न्यूयॉर्कला, कारखाना प्रॉव्हिडन्सच्या पॉइंट स्ट्रीटवर. १९२९ची ती इमारत अजून उभी आहे आणि मी भाजी आणायला जाते त्या रस्त्यावरून दिसते. म्हणजे सहा डॉलरच्या डब्यातलं ते पान माझ्या घरापासून वीस मिनिटांवर ओतलं गेलं होतं. कोल्हापूरजवळ चांदीच्या दागिन्यांचं गाव हुपरी, तसं हे.

तिथून लागलं वेड.

पहिलं वर्ष मी फक्त पाठी वाचायला शिकले. दागिन्याची पुढची बाजू फसवते, कारण फॅशन फिरून फिरून येते. १९२५ची टोकदार नक्षी १९७० नंतर परत आली, आणि आता पुन्हा आलीये. मागची बाजू सहसा खोटं बोलत नाही, कारण तिथे मिरवायला कोणी जात नाही. ब्रोचची पिन नुसत्या वाकवलेल्या तारेत अडकते की फिरवून बंद होणाऱ्या छोट्या कुलपात, यावरून काळाचा पहिला अंदाज येतो. नावापुढे वर्तुळातलं 'सी' म्हणजे कॉपीराइटची खूण असेल, तर वस्तू बहुतेक १९५५ नंतरची. त्या वर्षी ट्रिफारी या कंपनीनं नक्कल करणाऱ्या एका कंपनीविरुद्धचा खटला जिंकला आणि दागिन्याचं डिझाइन ही कलाकृती आहे हे न्यायालयानं मान्य केलं. त्यानंतर सगळ्यांनीच ती खूण ठोकायला सुरुवात केली. खड्यावर तेलाच्या तवंगासारखे जांभळे-हिरवे रंग खेळत असतील तर तेही पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतरचं, कारण स्वारोव्स्की या काचेचे खडे करणाऱ्या कंपनीनं तो लेप तेव्हाच बाजारात आणला. एखादी बाई "हे माझ्या आजीच्या लग्नातलं, १९३०चं" म्हणून असे खडे दाखवायला लागली की आता मला आजीचं लग्न कधी झालं ते सांगता येतं, पण मी सांगत नाही.

आणि चांदी. १९४२ मध्ये युद्धामुळे कथिलासारखे धातू दागिन्यांना वापरायला बंदी आली. ते सगळं लढाईला हवं होतं. मग या 'खोट्या' दागिन्यांच्या कारखान्यांनी काय केलं? खऱ्या चांदीत ओतकाम सुरू केलं आणि वर सोन्याचा मुलामा दिला. युद्ध संपल्यावर परत कथील. त्यामुळे मधल्या चारेक वर्षांच्या ब्रोचच्या पाठीवर 'स्टर्लिंग' असा शिक्का सापडतो. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा थोडी सरसावून बसल्यासारखी वाटली. "मग चांदीचेच घे की."

कानातल्यांनी मला फार छळलं. चाळीस-पन्नासच्या दशकातली सुंदर कानातली हातात घ्यावीत तर मागे चिमटा नाहीतर दाबून बसवायचा स्क्रू. त्या काळात इथल्या पुष्कळ मध्यमवर्गीय बायका कान टोचून घेत नसत. बाराव्या दिवशी कान टोचून मोकळं होणाऱ्या समाजातल्या मला हे पटायला वेळ लागला. ती कानातली घालून मी एकदा मराठी मंडळाच्या दिवाळीला गेले आणि फराळाच्या ताटापर्यंत पोचेतो पाळ्या सुजल्या. तेव्हापासून चिमट्याची कानातली मी जमवते, पण घालत नाही.

वाचून शिकले त्याहून जास्त मी चुकून शिकले. पहिल्या डब्यातल्या सगळ्या वस्तू मी एका संध्याकाळी कोमट पाण्यात साबण घालून भिजवल्या, जशा आम्ही चांदीची निरांजनं रिठ्यात भिजवतो. सकाळी निम्मे खडे काळे-पिवळे पडलेले. या खड्यांची चमक काचेची नसते. पाठीला आरशासारखा पातळ मुलामा असतो, त्याची असते. पाणी खाचेत शिरलं की तो मुलामा उडतो आणि खडा मरतो. इथे संग्राहक असंच म्हणतात, मेलेला खडा. आता मी कापसाची काडी जेमतेम ओली करते, पुसते, आणि दागिना पालथा घालून वाळवते म्हणजे पाणी खड्यामागे उतरत नाही. पितळी भागावर हिरवं चढायला लागलेलं असेल तर तो दागिना बाकीच्यांपासून लांब ठेवते. आणि प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत काही म्हणजे काही ठेवत नाही.

दुसरी चूक जास्त गमतीची. एका दुकानात मला कोरोचा जोड-ब्रोच मिळाला. दोन वेगळ्या क्लिपा एका चौकटीत सरकवल्या की एक ब्रोच होतो, काढल्या की गळ्याच्या दोन बाजूंना लावता येतात. याला ड्युएट म्हणतात. मागे पेटंटचा क्रमांक स्पष्ट होता, १७९८८६७. मी तो शोधून काढला, १९३१! आनंदानं वहीत लिहून टाकलं. सहा महिन्यांनी लक्षात आलं की तो क्रमांक त्या सरकत्या चौकटीच्या यंत्रणेचा आहे. पुढची कित्येक वर्षं निघालेल्या ड्युएटांवर तोच ठोकलेला. वर बसवलेल्या फुलांचं वर्ष वेगळं, आणि ते शोधायला डिझाइनचं पेटंट बघावं लागतं. शिवणयंत्रावरचं साल बघून त्यावर शिवलेल्या परकराचं वय सांगावं, तसं मी केलं होतं.

पण त्या चुकीमुळे मला पेटंटांची गोडी लागली, आणि इथून पुढे हा छंद नुसता वस्तूंचा राहिला नाही. अमेरिकी पेटंट कार्यालयाची जुनी कागदपत्रं आता घरबसल्या बघता येतात. डिझाइनच्या पेटंटात दागिन्याचं रेखाचित्र असतं, शाईनं काढलेलं, प्रत्येक खडा दाखवलेला. खाली नाव. मुलं झोपली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती चाळायचे. ट्रिफारीच्या पेटंटांवर एकच नाव पुन्हा पुन्हा यायचं, आल्फ्रेड फिलिप. हा फ्रेंच माणूस. आधी न्यूयॉर्कच्या अशा कार्यशाळेत होता जिथे कार्टिए आणि व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या बड्या पेढ्यांसाठी हिऱ्यामाणकांचं काम चाले. १९३० मध्ये तो ट्रिफारीत आला आणि १९६८ पर्यंत राहिला. खरं काम करणारा हात खोट्या मालाकडे वळला. म्हणून ट्रिफारीचा खडा डिंकावर कमी आणि धातूच्या काट्यांत जास्त बसलेला असतो, आणि पाठसुद्धा घासून गुळगुळीत केलेली असते. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्षांची पत्नी मेमी आयझेनहॉवर शपथविधीच्या नृत्यसमारंभाला ट्रिफारीच्या खोट्या मोत्यांचा संच घालून गेली, तोही त्याचाच. देशाची पहिली बाई खोटे मोती घालते म्हटल्यावर बाकीच्यांची लाज गेली असणार. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "तिला खरे द्यायला नवऱ्याकडं नव्हते?"

कोरोच्या पेटंटांवर नाव यायचं अ‍ॅडॉल्फ कॅट्झ. शेकड्यांनी. मी वहीत कॅट्झची यादी करत गेले, त्याची शैली अशी, त्याला फुलं आवडतात, पक्षी आवडतात, हलणाऱ्या स्प्रिंगवरच्या पाकळ्या आवडतात. तेव्हा मला एक थरथरणारी कॅमेलियाची फुलं असलेला १९३८चा ड्युएट सापडावा असं फार वाटायचं. अजून वाटतं. मग कळलं की कॅट्झ कंपनीचा डिझाइन विभाग सांभाळायचा. कुठलं चित्र घ्यायचं ते ठरवायचा, आणि पेटंट त्याच्या नावावर निघायचं. ती कॅमेलिया काढणारा होता जीन व्हेरी, मूळ आडनाव व्हेरेकिया, इथल्याच इटालियन वस्तीतला. पुढे त्याच्या घरच्यांनी शेजारच्या क्रॅन्स्टनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. मी वही उघडली आणि कॅट्झच्या शैलीवर लिहिलेली चार पानं वाचली. एका माणसाची आवड म्हणून मी जे लिहिलं होतं ती एका खोलीत बसलेल्या कितीतरी जणांची होती. पानं फाडली नाहीत, वर नुसती एक रेघ मारली.

मिरियम हॅस्केलचं उलट. नाव बाईचं, १८९९ची इंडियानात जन्मलेली, १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकाल्पिन हॉटेलात दुकान काढलं. पण डिझाइन करायचा फ्रँक हेस, जो आधी एका मोठ्या दुकानाच्या काचेमागची सजावट करायचा. आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या मालावर नावच नाही, ना तिचं ना त्याचं. त्यामुळे बाजारात तारेत ओवलेले बारीक मणी दिसले की विकणारा "हॅस्केल, बिनसहीचं" म्हणून तिप्पट भाव लावतो. दहापैकी नऊ वेळा ते नसतं.

खरं हॅस्केल मी पहिल्यांदा हातात घेतलं ते एका लिलावाच्या आदल्या दिवशी, माल बघायला ठेवतात तेव्हा. पुढे मोत्यांचा आणि पानांचा घोस. उलटं केलं आणि मला नथ आठवली. खोटं नाही सांगत, आजीची मोत्यांची नथ. नुसत्या बारीक तारेनं एकेक मोती पिळून जाळीवर बांधलेला, कुठे डिंक नाही, कुठे झाळून जोडलेलं नाही. तारांची टोकं झाकायला मागून दुसरी जाळी बसवलेली. आजीची नथ एकदा सैल झाली तेव्हा ती बांधून आणायला मी बरोबर गेले होते. तो म्हातारा कारागीर तार दातात धरून मोती फिरवत होता. तीच गाठ मला इथे ऱ्होड आयलंडच्या लिलावघरात दिसली. घोस ३४० डॉलरला गेला, माझा आकडा ९०ला संपला.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक आजी राहतात. पोर्तुगीज घराण्यातल्या, पंच्याऐंशीच्या पुढच्या. बर्फ काढायला मदत केली म्हणून त्यांनी एकदा कॉफीला बोलावलं. माझ्या कोटावर ते पान होतं. त्या म्हणाल्या, मी असली हजारो केलीत. लग्नाआधी त्या दागिन्यांच्या कारखान्यात खडे बसवायच्या. लाकडी काडीच्या टोकाला मेणाचा गोळा, त्याला खडा चिकटवून उचलायचा आणि डिंकाच्या थेंबावर टेकवायचा. दिवसभर. लग्नानंतर कारखान्याचं काम घरी यायचं, जेवणाच्या टेबलावर, कानातली कार्डावर टोचायची, माळा ओवायच्या. मुलंही करायची. नगावर पैसे.

मी त्यांना विचारलं, डिझाइन कोण करायचं? त्या हसल्या. वरच्या मजल्यावरचे, म्हणाल्या, आम्ही त्यांना जिन्यातसुद्धा बघितलं नाही. मग त्यांनी माझं पान हातात घेतलं. नावाकडे त्यांनी बघितलंही नाही. अंगठा खड्यांवरून फिरवला आणि कडेच्या एका खड्यावर थांबल्या. तो जरा तिरका बसलाय, मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता.

"शुक्रवार संध्याकाळचा," त्या म्हणाल्या.

नंतर मी त्यांच्याकडे कितीतरी वेळा गेले. त्यांनीच मला सांगितलं की खडा कोणी काट्यात बसवलाय आणि कोणी डिंकावर हे बघण्याआधी, सगळ्या खड्यांचा रंग एक आहे का ते बघ. कधीतरी बदललेला असेल तर त्याची चमक जरा निराळी दिसते. पुस्तकात हे होतं, पण मी वाचून सोडून दिलं होतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफील्ड नावाचं गाव आहे. १९५९ पासून तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, वर्षातून तीनदा, मे, जुलै, सप्टेंबर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतांत तंबू, चिखल, आणि पहाटे बॅटऱ्या घेऊन फिरणारी माणसं. आम्ही चार वाजता निघतो. नवरा गाडीत झोपतो. तिथे एका बाईच्या ट्रेमध्ये मला रंगीत पानांची एक क्लिप दिसली. लाल, हिरवी, निळी, प्रत्येक पानावर शिरा कोरलेल्या. एक पान गायब, म्हणून १५ डॉलर. मागे ट्रिफारीची खूण. याला इथे 'फ्रूट सॅलड' म्हणतात.

या पानांची गोष्ट मला फार आवडते. कोरलेले पाचू, माणकं, नीलम ही आपल्याकडची मुघल काळापासूनची रीत. १९११ मध्ये जाक कार्टिए दिल्ली दरबाराच्या निमित्तानं हिंदुस्थानात आला, राजेरजवाड्यांना भेटला, आणि पुढे पॅरिसच्या त्यांच्या पेढीत असे कोरीव खडे प्लॅटिनमच्या दागिन्यांत बसायला लागले. 'तुत्ती फ्रुत्ती' हे नाव त्यांना खूप नंतर, सत्तरच्या दशकात पडलं. तीसच्या दशकात आल्फ्रेड फिलिपनं तीच पानं साच्यातल्या काचेत केली. पाचूऐवजी काच, प्लॅटिनमऐवजी कथील. आणि नव्वद वर्षांनी कोल्हापूरची एक बाई चिखलात उभी राहून ती घासाघीस करून १२ला मागत होती. आईचीच मुलगी. बाईनं १४ला दिली.

असले काचेचे खडे पुष्कळसे बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, याब्लोनेत्स गावचे, जर्मनमध्ये गाब्लोन्झ. या गावाचं आणि आपलंही जुनं नातं आहे. पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडे परदेशी काचेच्या बांगड्या यायच्या त्यांतल्या पुष्कळ त्याच भागातल्या. पणजीच्या हातात भरलेली बांगडी आणि माझ्या ब्रोचमधला खडा एकाच खोऱ्यातला असू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन कारागिरांना हाकलून दिलं. त्यांतल्या अनेकांनी बव्हेरियात नवं गाब्लोन्झ वसवलं आणि पुन्हा काच ओतायला घेतली. क्लिपचं हरवलेलं पान मला तीन वर्षांनी मिळालं, जुन्या खड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या पाकिटात. रंग किंचित गडद आहे. शेजारच्या आजींना दाखवलं, त्यांना लगेच कळलं.

फसले तेही ब्रिमफील्डलाच. युद्धकाळातल्या ट्रिफारीच्या प्राण्यांच्या ब्रोचमध्ये पोटाच्या जागी ल्युसाइट या पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा असतो, याला 'जेली बेली' म्हणतात आणि त्याला भाव फार. मी एक कोंबडा १८० डॉलरला घेतला. मागे शिक्के सगळे होते, नाव, स्टर्लिंग. त्या आनंदात मी लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, काढलाच नाही. पुढे एका लिलावात तोच कोंबडा खरा बघायला मिळाला, मी माझा खिशातून काढून शेजारी धरला. माझा चिमूटभर लहान. मूळ वस्तूवरून साचा काढून पुन्हा ओतली की ती आटते, आणि कडा बोथट होतात. शिक्क्यांची अक्षरंसुद्धा लोण्यावर उमटवल्यासारखी. म्हणजे खोट्यातही खोटं असतं. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

प्लॅस्टिकच्या दागिन्यांवर मी फार वेळ घालवत नाही, पण नाकाचा उपयोग तिथे शिकले. बेकेलाइटची बांगडी गरम पाण्यात क्षणभर धरून हुंगली की औषधी, उग्र वास येतो. आमच्या जुन्या घरातली काळी विजेची बटणं तापली की यायचा तसा. आणि सेल्युलॉइडला कापराचा. त्यात कापूर असतोच. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला आपोआप हात जोडावेसे वाटले. ते पटकन पेट घेतं, तेव्हा आरतीचीच वस्तू म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात आई आली. तिनं माझी कपाटं बघितली, खण उघडले, एकेक ट्रे बघितला आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली आले तर ती टेबलाशी चष्म्यावरून लूप लावून बसली होती. फिलिपची एक पट्टी, दोनेकशे बारीक खड्यांची, तिनं उलटी धरली होती.

"घडणावळ किती पडली असेल गं याला?"

मी म्हटलं, आई, याला घडणावळच आहे फक्त. दुसरं काही नाहीच यात.

ती जरा वेळ बघत राहिली. मग तिनं हातातल्या पाटल्या काढायला घेतल्या. साबण लावावा लागला. त्या आजीच्या, आजीकडे तिच्या सासूकडून आलेल्या. आम्ही वजन तोंडपाठ सांगू शकतो अशा. "बघ," म्हणाली, "आतून काही आहे का?"

एका पाटलीच्या आतल्या बाजूला काही नव्हतं. दुसरीच्या, मळसूत्राजवळ, घासून घासून पुसट झालेला शिक्का होता. दहापट भिंगाखाली, उजेड तिरका टाकल्यावर एक अक्षर लागलं. 'बा'. पुढचं सगळं गेलेलं.

"बाळू असेल," आई म्हणाली. "नाहीतर बाबू. बापूसुद्धा असायचे पुष्कळ." पाटली परत चढवताना ती थांबली. "गुजरीत जुनं कोण राहिलंय का बघते गेल्यावर."